धारेची कूस

गिरगाव, सोमवार, ६ नोव्हेंबर २०२३

ती. मामाआजोबा,

नमस्कार समोर आले की वाकून करीनच. आज तक्रार घेऊन बसले आहे.

रामदासच्या टेम्पोतून आजीची सुरी परत पाठवते आहे. गेल्या सोमवारी तुम्ही तिला धार लावून दिलीत. मंगळवारी ती अशी चालली की मीच दचकले. टोमॅटोवर नुसती ठेवली तर आत गेली. बुधवारीही ठीक होती. गुरुवारी दुपारी ऐन गर्दीत पापलेटचं कातडं फाटायला लागलं. कापत नव्हती, ओढत होती. आमचे शेफ रघुवीर नाडकर्णी शेजारीच उभे होते. म्हणाले, "अनुजा, ही आता शोकेसमध्ये ठेव, बाजूला आजीचा फोटो लाव. आणि स्टोअरमधून एक जर्मन सुरी घे."

आमच्या किचनमध्ये आम्ही अकरा जण. दहा जणांच्या सुऱ्या परदेशी आहेत. माझी एकटीची लालबागची, गिरणीतल्या करवतीच्या जुन्या पात्यातून तुम्ही घडवलेली. या सुरीवर आजीनं साठ गिरणी कामगारांची खानावळ चालवली, हे मी इथं इतक्या वेळा सांगितलंय की मी तोंड उघडलं की पुढचं वाक्य बाकीचेच म्हणतात. मासळीचं टेबल माझ्याकडे येऊन जेमतेम चार महिने झालेत. या सुरीला कुणी शोकेस दाखवावी हे मला अजिबात खपत नाही.

आजी तुमच्या हातून पातं घेताना दर वेळी विचारायची, "कूस मोडलंस मां रे, कुशा?" आणि तुम्ही दर वेळी फुगायचात. मी दाराशी उभी राहून हसायचे. ती गेल्यापासून तुम्हाला कुणी विचारत नसेल, म्हणून मी विचारते. कूस मोडली होती ना?

फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही, आणि हितेंद्रकाकानं दिलेल्या मोबाइलला तुम्ही हात लावत नाही. तेव्हा हा कागद. उत्तर सुरीबरोबरच रामदासकडे द्या. रोज लालबागहून निघून, भाऊच्या धक्क्यावरून मासळी घेऊन तो आधी आमच्याकडेच येतो.

तुमची,
अनुजा


लालबाग, ९ नोव्हेंबर

चि. अनुजा,

आशीर्वाद आहेतच, रागाच्या दिवशीही ते कमी होत नाहीत. पण तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा चहा गार झाला.

कूस मोडली होती का, हे मला विचारतेस. गंगूताई विचारायची, तिचा अधिकार होता. तिनं मला कडेवर घेऊन फिरवलंय. तुला मी कडेवर घेऊन फिरवलंय, हे विसरू नकोस.

तुझ्या किचनातल्या लोकांना कूस म्हणजे काय ते ठाऊक नसणार, म्हणून लिहितो, त्यांना वाचून दाखव. पातं दगडावर एका बाजूनं घासलं की धारेवर पोलादाचा अगदी बारीक पापुद्रा सुटतो आणि पलीकडच्या अंगाला वळतो. डोळ्यांना दिसत नाही. बोटात लाकडाची कूस जाते ना, तिच्यावरून आमच्या गिरणीच्या वर्कशॉपात त्याला कूस म्हणत. पातं उलटून दुसरी बाजू घासली की ही मोडत नाही. झोपलेला माणूस कूस बदलतो, तशी ही कूस बदलते आणि या अंगावरून त्या अंगावर जाते. कच्चा कारागीर तिथंच फसतो, त्याला वाटतं गेली. अशी सुरी पहिल्या दिवशी वस्तऱ्यासारखी चालते, कारण तो पापुद्राच कापत असतो. दोन-तीन दिवसांत तो दुमडतो आणि सुरी ओढायला लागते.

तुझ्या सुरीचं तसं झालेलं नाही. तू दगडी ओट्यावर मासा कापला असशील.

आता महत्त्वाचं. हितेंद्र दोन वर्षं मागे लागलाय की बाबा, पुरे झालं, कांदिवलीला येऊन राहा. त्याला मी चाळीतल्या लोकांसमोर सांगितलंय, ज्या दिवशी माझं एक पातं कूस राहिली म्हणून परत येईल, त्या दिवशी जिन्याखालची धंद्याची पाटी मी माझ्या हातानं काढीन. बावन्न वर्षांत एकही आलेलं नाही. तुझी सुरी परत आली असं मी धरत नाही. तेव्हा चूक कुणाची, ते नीट विचार करून लिही.

सुरीला पुन्हा धार लावून दिली आहे. सोबत चकल्या आहेत. मोबाइलचं म्हणशील तर तो माझा अंगठा ओळखत नाही. हितेंद्रनं चार वेळा दाबून घेतला. जो माझा अंगठा ओळखत नाही त्याच्याशी मी काय बोलू.

सही पुरी करतो. माझे वडील जन्मभर मस्टरवर अंगठा लावत आले. मी रात्रशाळेत जाऊन सही शिकलो, ती वाया घालवत नाही.

कुशाबा महादेव गावडे


गिरगाव, सोमवार, २० नोव्हेंबर

ती. मामाआजोबा,

चकल्या पहिल्याच दिवशी संपल्या. अर्ध्या शेफनी खाल्ल्या.

चूक माझीच होती. गर्दीच्या वेळी लाकडी पाट उचलायचा कंटाळा केला आणि ओट्यावरच सुरी चालवली. कान पकडले आहेत असं समजा. तुम्ही धार लावलेली सुरी आता झकास चालते आहे, दहा दिवस झाले तरी धार कमी झालेली नाही. परवा शेफनी तिनं कागद कापून पाहिला आणि काही न बोलता परत ठेवली. ते काही बोलत नाहीत तेव्हा ती शाबासकी असते, हे आम्हाला आता ठाऊक झालंय. तेव्हा पाटी आहे तिथं सुखानं राहू दे.

तुमचं पत्र मी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. कूस बदलते हे वाक्य तर आमच्या किचनमध्ये रूढच झालंय. कुणी काम एकाकडून दुसऱ्याच्या टेबलावर ढकललं की लगेच कुणीतरी म्हणतं, "ए, कूस बदलू नको, मोड." शेफनी विचारलं, धारेबद्दल एवढं तुला कुणी शिकवलं, सर्टिफिकेट आहे का? आमच्याकडे प्रत्येक गोष्टीचं सर्टिफिकेट लागतं, अगदी हात धुण्याचंसुद्धा. मी म्हटलं, लालबागहून मागवते.

एक सहज विचारते. डोळ्यांना दिसत नाही तर कूस आहे की गेली हे कळतं कसं? आणि ती नेमकी मोडायची कशी? आजीनं प्रश्न तेवढा शिकवला, उत्तर नाही.

तुमची,
अनुजा


लालबाग, २७ नोव्हेंबर

चि. अनुजा,

चूक कबूल करणारी माणसं आपल्या घराण्यात कमी. तू केलीस, बरं वाटलं. हितेंद्र रविवारी आला तेव्हा तुझं पत्र त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं ते वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं. मी मुद्दाम दुसरा विषय काढला नाही.

तू विचारलंस, तर सांगतो. हे आजवर मला कुणी विचारलं नाही. लोकांना धार पाहिजे असते, कशी लागते ते नको असतं.

अंगठा धारेवरून कधी लांबीत फिरवायचा नाही, कापेल. पात्याच्या पाठीकडून धारेकडे आडवा न्यायचा आणि धारेच्या पलीकडे सोडून द्यायचा. कूस त्या अंगाला असेल तर सुटता सुटता अडकते. एवढीशी अडकते. साडीच्या काठाला नख लागावं तितकीच. मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे सारखी अडकली पाहिजे, मगच ती बाजू पुरी झाली. मधे कुठं अडकत नसेल तर तिथं दगड पोचलाच नाही.

मग बाजू बदलायची. मग बारीक दगड घ्यायचा आणि एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं, दर वेळी हात आधीपेक्षा हलका. शेवटी इतका हलका की पात्याचं स्वतःचं वजनही जास्त वाटावं. जोर केलास तर कूस पुन्हा उठते. ओरबाडून काढायला गेलीस तर धारेचा तुकडा घेऊन जाते. तिला दमवायची असते. दमली की चामड्याच्या पट्ट्यावर, धार मागे ठेवून, चार-पाच वेळा ओढायचं. मग अंगठ्याला दोन्हीकडे काही लागत नाही. काही लागत नाही, हेच ओळखायला शिकावं लागतं. मला दीड वर्ष लागलं.

कापसाचाही एक प्रकार आहे. कापसाचा पुंजका धारेवरून अलगद ओढायचा, कूस असेल तर तंतू अडकून राहतो. गिरणीत कापसाला काय तोटा. पण आमच्या खात्यात तो प्रकार शिकाऊ लोकांचा. कापूस हातात घेतला की मुकादम ओरडायचा, "अरे कापूसवाल्या, अंगठा घरी ठेवून आलास काय?" मी कापूस पहिल्या वर्षीच सोडला. साहेबाच्या चाचणीत चाळीस पाती ओळीनं ठेवली होती, त्यातली कूस राहिलेली तीन मी डोळे बांधून काढून दिली. एकविसावं वर्ष होतं माझं. त्या दिवशी मी लालबागभर छाती काढून फिरलो.

सर्टिफिकेट मिळायला आधी शिकावं लागतं, असं तुझ्या शेफला सांग.

कुशाबा महादेव गावडे


गिरगाव, सोमवार, १ जानेवारी २०२४

ती. मामाआजोबा,

नव्या वर्षाचा नमस्कार.

डिसेंबरात माझ्या सुरीबरोबर किचनमधल्या सहा सुऱ्या रामदासकडून पाठवल्या होत्या, त्यांची इथं वाहवा चालली आहे. ज्यांनी मला आजीच्या नावानं चिडवलं, तेच आता पातं पुढे करून विचारतात, तुझ्या लालबागला देशील का. शेफ परवा म्हणाले, "अपना लालबागवाला बेस्ट है यार. जर्मनीला धाडायला पाहिजे." मी म्हटलं, ते कांदिवलीलाच जायला तयार नाहीत, जर्मनीला कसले जातात.

त्या सातही सुऱ्या पुन्हा पाठवते आहे, आणि या वेळी आठवी शेफची स्वतःची. ती ते कुणाच्या हातात देत नाहीत. मी मागितली नाही, त्यांनी आपण होऊन काढून दिली. मला ते इतकं आवडलं की कांदा चिरायच्या निमित्तानं थोडं रडून घेतलं.

खोताच्या वाडीत अजून नाताळचे कंदील लटकले आहेत. एकदा या इकडे. आमच्या किचनच्या दारात उभे राहा, मग बघा सगळे कसे उठून उभे राहतात.

तुमची,
अनुजा


लालबाग, ८ जानेवारी

अनुजा,

काल हितेंद्र आला होता. त्याला दाखवावं म्हणून मी तुमच्या सुऱ्या काढल्या. म्हटलं, बघ, महिनाभर हॉटेलात चालल्यात आणि धार कशी टिकली आहे. नीट दिसावं म्हणून गिरणीतलं जुनं भिंग काढलं.

माझ्या हातून पात्यावर उठणारे दगडाचे ओरखडे उजवीकडे कलतात. पन्नास वर्षांत बदललेले नाहीत. सातही पात्यांवर ते तसेच होते. फक्त धारेजवळच्या शेवटच्या केसभर जागेत डावीकडे कललेले होते. शेफच्या सुरीवर तसं काही नव्हतं, ती माझ्याकडे पहिल्यांदाच आली. आपल्या घराण्यात डावरी माणसं दोनच. एक गंगूताई, ती वर गेली. दुसरी तू.

हितेंद्रला काही कळलं नाही. तो गेल्यावर मी औषधाच्या दुकानातून कापूस आणला. राधाबाई कोळणीचा कोयता आणि दोन विळ्या सकाळीच धार लावून ठेवल्या होत्या. तिन्हींवरून कापूस ओढला. तिन्हींना तंतू अडकले.

आता खरं लिहितो. साखरेच्या दुखण्यानं माझ्या उजव्या अंगठ्यातलं समजणं गेलं आहे. दोन दिवाळ्या झाल्या. कप गरम आहे हे ओठाला कळतं, अंगठ्याला कळत नाही. काही लागत नाही म्हणजे कूस गेली, हे मी तुला मोठ्या दिमाखानं लिहिलं. मला आता कधीच काही लागत नाही. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. गुरुवारी ओढायला लागली म्हणजे कूस, दुसरं काही नाही. तरी मी तुझ्यावर ढकललं, आणि तू ते अंगावर घेतलंस.

तुझ्यावर राग नाही असं लिहिणार होतो. पण आहे. तू मला खोटी शाबासकी दिलीस, आणि मी ती चाळभर मिरवली.

तुमच्या आठही सुऱ्या हात न लावता परत पाठवतो. पाटी आज काढली.

कु. म. गावडे


विरार, १५ जानेवारी, संक्रांत

ती. मामाआजोबा,

आईकडून लिहिते आहे. तिळगूळ उद्या रामदासकडे देते.

मी खोटं लिहिलं. तुम्ही शब्द दिला होता हे वाचलं, आणि माझ्या एका सुरीपायी तुमची पाटी उतरेल हे मला सहन झालं नाही. दुसरं काही सुचलं नाही. मला माफ करा, आणि दोन ओळी तरी लिहा.

अनुजा


गिरगाव, सोमवार, २९ जानेवारी

ती. मामाआजोबा,

दोन आठवडे झाले, तुमची ओळ नाही. रामदासला रोज विचारते. तो म्हणतो, "म्हातारो भिंतीकडे तोंड करून बसता. तिळगूळ घेतल्यान, पण खाल्लो नाय." काल म्हणाला की हितेंद्रकाका महिनाअखेरीस तुम्हाला न्यायला येणार आहे आणि दगड भंगारवाल्याला द्यायचं चाललंय. माफी मागून झाली, आता मी भांडणार आहे.

तुम्ही पुन्हा धार लावून दिलेली सुरी नोव्हेंबरातही तिसऱ्या दिवशी ओढायला लागली. मी तुमचं पत्र समोर ठेवून बसले. बारीक दगड विकत आणला. सकाळी साडेनऊला, भाजी यायच्या आत, किचनच्या मागच्या मोरीवर बसायचे. पहिले दोन आठवडे कूस उठवतच राहिले, कारण जोर करत होते. अंगठा दोनदा कापला. मग तुमचं दुसरं पत्र आलं, तिला दमवायची असते. त्या दिवशी मी हात इतका हलका केला की पातं दगडावर आहे की नाही तेच कळेना. आणि मग अंगठ्याला काही लागलं नाही. मोरीवर एकटी बसून मी हसत होते. इतका अभिमान मला डिप्लोमा मिळाला तेव्हाही वाटला नव्हता. तुम्हाला सांगता येत नव्हतं, एवढंच वाईट वाटत होतं.

तुम्हाला वाटतं मी तुमची धार दुरुस्त केली. मामाआजोबा, कोन तुमचा, पोट तुमचं, टोक तुमचं. सातही पाती मुठीपासून टोकापर्यंत सारखी. मी नुसती शेवटच्या केसभर जागेत हात फिरवला. ती धार मला बसवायला सांगितली असती तर मी सुरीची वाट लावली असती. त्या एका केसासाठी तुम्ही बावन्न वर्षं उतरवून ठेवलीत.

आणि तुम्हीच शिकवलेलं तुम्हाला सुनावते. आधी चूक माझी होती, आता सगळी तुमची झाली. ही कूस मोडली नाही, नुसती बदलली. या अंगावरून त्या अंगावर. तुमच्यासारख्या कारागिरानं तिथं फसावं याचा मला राग आला आहे.

शब्दाचं म्हणाल तर तुमचं पहिलं पत्र माझ्याकडे आहे. त्यात लिहिलंय, पाटी माझ्या हातानं काढीन. काढलीत. शब्द पुरा झाला. परत लावणार नाही असं त्यात कुठंही नाही. मी चारदा वाचलं.

येत्या सोमवारी सुटीला विरारला जात नाही, लालबागला येते. तुम्ही कूस उठवा, मोडायचं माझ्याकडे. दगड भंगारात गेलेले दिसले तर भंगारवाल्याच्या दुकानात जाऊन बसेन. लालबागची आहे, आवाज चढवता येतो.

अनुजा


लालबाग, १२ फेब्रुवारी

चि. अनुजा,

मागच्या सोमवारी तू समोर होतीस तेव्हा बरंच सांगायचं राहिलं. म्हणून आज लिहितो.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी शब्द आठवत बसलो. हितेंद्रलाही विचारलं, मी काय म्हणालो होतो. तो म्हणाला, बाबा, परत लावणार नाही असं तुम्ही म्हणाला नव्हता. तो खोटं बोलला असता तर मी कांदिवलीला गेलो असतो. बोलला नाही. अंगठ्याचं त्याला सांगितलं. त्यानं माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ अंगठा दाबत बसला. मला काही कळलं नाही, पण बरं वाटलं.

तू राधाबाईचा, माझ्याकडे तसाच पडलेला कोयता घेतलास. कोयत्याचं पातं जाड, कूस दांडगी उठते. मी तुझा हात बघत होतो. गंगूताईसारखी जीभ दातात धरून बसतेस. शेवटी हात हलका होत गेला, आणि मला ऐकू येत नाही तरी दगडाचा आवाज थांबलेला मला कळला. तू अंगठा फिरवलास, मान हलवलीस आणि कोयता माझ्याकडे दिलास. मी विचारलं, "कूस मोडलंस मां गो?" तू गंगूताईच्या वेळी मी फुगायचो तशीच फुगलीस. सत्तर वर्षांत एवढी मजा आली नव्हती.

तू मोरीवर हात धुवायला गेलीस तेव्हा मी खिशातला कापूस काढला. होय, कापूसवाला झालो. मुठीपासून टोकापर्यंत दोन्ही अंगांनी ओढला. एक तंतू अडकला नाही. पुन्हा ओढला. पुंजका जसाच्या तसा हातात आला. तो मी गंगूताईच्या फोटोच्या चौकटीत खोचून ठेवला आहे.

राधाबाई बुधवारी येऊन उभी राहिली. कोयता भलताच चाललाय हे तिच्या हातवाऱ्यांवरूनच कळलं. धार कुणी लावली, असं तिच्या ओठांवर दिसलं. आजवर मी एकच उत्तर दिलं आहे. या वेळी म्हटलं, धार माझी, कूस आमच्या अनुजानं मोडली. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. ऐकण्याची गरजही नव्हती, मी स्वतःच दोनदा सांगितलं.

पाटी परवा हितेंद्रनं लावली. आता तिच्यावर रंगानं आणखी एक ओळ आहे, धार रोज, पातं सोमवारनंतर मिळेल. रामदास म्हणतो, लोक थांबतील काय? थांबतील. बावन्न वर्षांत मी घाईचं काम दिलेलं नाही. तू आणलेल्या शेफच्या सुरीची धार बसवून ठेवली आहे. येत्या सोमवारी ये आणि पुरी कर.

तू सर्टिफिकेट मागितलं होतंस. सोबत वेगळ्या कागदावर आहे. मजकूर असा. "दाखला देतो की अनुजा सुरेश परब, राहणार गिरगाव, हिच्या अंगठ्याला कूस कळते. हिनं मोडलेली कूस कापसालाही सापडत नाही. ही डावरी आहे आणि ते बरोबर आहे. मी चाळीस पाती डोळे बांधून ओळखली आहेत, तेव्हा हा दाखला देण्याचा मला अधिकार आहे."

तुझ्या शेफला दाखव आणि चौकटीत लाव. त्याच्याकडे शोकेस आहे म्हणालीस ना, तिथं ठेवलास तरी चालेल.

दाखल्यावर सही नाही, ती मी या पत्रावर केली आहे. तिथं वडिलांसारखा अंगठा लावला. शाई घरात नव्हती, तू कोयता घासलास तेव्हा दगडावर राहिलेला काळा चिखल लावला. सरकारी कागदावर डाव्या हाताचा लावतात, मी उजव्याचा लावला आहे, कारण काम त्यानं केलं. त्यात रेषा शोधू नकोस, नुसता काळा गोल उमटला आहे. रेषा सगळ्या दगडावर गेल्या. तरी तो माझाच आहे.

कुशाबा महादेव गावडे